परतफेड नसलेले देणे : पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातील एक सूत्र

दान आणि फळ हे दोन शब्द आपल्याकडे जोडीनेच वावरतात. कोणत्या दानाचे कोणते फळ याच्या याद्या पुराणांत आहेत, व्रतकथांच्या शेवटी आहेत आणि क्षेत्राच्या ठिकाणी घाटावर बसलेल्या भिक्षुकांच्या तोंडीही आहेत. ख्रिस्ती धर्माकडे आदराने पण दुरून पाहणाऱ्या मराठी वाचकाची अशी समजूत असते की, तिथे हा व्यवहार नसावा, तिथे निव्वळ सेवा असावी. संशयाने पाहणाऱ्या वाचकाची समजूत नेमकी उलटी असते. तिथले देणे म्हणजे आमिष आणि धर्मांतरितांची संख्या हेच त्याचे फळ, असे तो धरून चालतो. आम्हांला या दोन्ही समजुती अपुऱ्या वाटतात, आणि त्या अपुऱ्या का वाटतात हे सांगण्यासाठीच हा लेख.

शुभवर्तमाने उघडून पाहिली, तर फळाची भाषा तिथेही पुष्कळ आहे. मंदिराच्या दानपेटीत दोन क्षुल्लक नाणी टाकणाऱ्या विधवेचे देणे येशू सर्व श्रीमंतांच्या देणग्यांहून मोठे ठरवतो, कारण तिने मागे काहीच राखलेले नव्हते. मेजवानी द्यायची तर परत बोलावण्याची ज्यांची ऐपत नाही अशा गोरगरिबांना, लंगड्या-आंधळ्यांना द्यावी, असे तो सुचवतो. इथवर फळाचा संबंध नाही असे वाटते. परंतु तोच येशू असेही सांगतो की, माझ्यासाठी ज्यांनी घरदार, शेतीवाडी, आप्तस्वकीय सोडले त्यांना ते सारे शतपटीने मिळेल, आणि त्यासोबत छळही मिळेल. म्हणजे फळाचे आश्वासन आहे, पण त्या आश्वासनातच छळाचा वाटा धरलेला आहे. मग प्रश्न उरतो तो असा : शंभरपट मिळणार हे ठाऊक असताना दिलेले देणे निःस्वार्थ कसे म्हणावे?

हा प्रश्न धर्मशास्त्र्यांनी पुष्कळ चघळलेला आहे. आम्ही धर्मशास्त्री नाही. आम्ही तो इतिहासाच्या अंगाने, एका आयुष्याच्या आधारे पाहू इच्छितो. ते आयुष्य पंडिता रमाबाईंचे आहे. त्यांची निवड करण्याचे कारण त्या महाराष्ट्रातल्या सर्वांत प्रसिद्ध ख्रिस्ती स्त्री होत्या, एवढेच नाही. दानाच्या व्यवहारात तीन जागा असतात : देणाऱ्याच्या घरातले माणूस, घेणारा आणि देणारा. रमाबाई या तिन्ही जागी राहिल्या. त्या तिन्ही ठिकाणी त्यांनी जे पाहिले ते त्यांनी लिहूनही ठेवले. दानाविषयी बोलण्याचा असा अधिकार फार थोड्यांना मिळतो.

पहिली जागा वडिलांच्या घरची. अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे मोठे व्यासंगी. पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवण्याचा त्यांनी हट्ट धरला, त्यापायी धर्मपंडितांचा रोष ओढवून घेतला आणि पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात आश्रम करून राहिले. तिथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. आश्रमात विद्यार्थ्यांना विद्येबरोबर अन्नही मिळे, अतिथीला दार मोकळे असे. या आतिथ्याने संसाराला ओहोटी लागली. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, देवळांतून पुराण सांगत देशभर हिंडत राहिले.

मग १८७०च्या दशकातला दक्षिणेकडचा दुष्काळ आला. त्या दिवसांविषयी रमाबाईंनी १८९७ साली एक इंग्रजी पुस्तिका लिहिली. तिच्यात त्यांनी सांगितलेली हकिकत वाचताना अजूनही अंगावर काटा येतो. देव प्रसन्न होऊन संकट टळावे म्हणून या कुटुंबाने शास्त्रात सांगितलेले सर्व काही केले : उपासतापास, अनुष्ठाने, आणि होते नव्हते ते द्रव्य ब्राह्मणांना दान. मजुरी करणे त्यांच्या प्रतिष्ठेत बसत नव्हते आणि भीक मागण्याची लाज वाटत होती. शेवटी भरड तांदळाचा अखेरचा दाणाही संपला. तिरुपतीजवळच्या रानात अकरा दिवस त्यांनी पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. वृद्ध अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचा विचार केला, मुलाने रडून त्यांना थांबवले. पण १८७४मध्ये ते गेलेच. पाठोपाठ आई गेली, थोरली बहीण गेली. आईचे प्रेत उचलायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण दयेने पुढे आले आणि त्यांच्या सोबतीला दोघा भावंडांनी खांदा दिला. रमाबाई उंचीने कमी होत्या, म्हणून त्यांना तो भार डोक्यावर घ्यावा लागला.

या हकिकतीतून हिंदू दानधर्माची कुचेष्टा करणे सोपे आहे आणि मिशनरी वाङ्मयाने ती केलीही. आम्हांला त्यात रस नाही. निष्काम कर्माचा विचार या देशाला कोणी बाहेरून शिकवलेला नाही. आम्हांला त्या घरातल्या दोन वेगवेगळ्या देण्यांमधला फरक महत्त्वाचा वाटतो. अनंतशास्त्र्यांनी फळाच्या आशेने जे द्रव्य वाटले ते सारे वाहून गेले. त्यांनी पत्नीला विद्या दिली तेव्हा मात्र कोणत्याही शास्त्राने त्यांना फळाचे आश्वासन दिले नव्हते. उलट निंदाच पदरी आली. ती विद्या आईने मुलीला दिली. दुष्काळात घरातले सगळे संपल्यावर मुलीपाशी उरले ते तेवढेच, आणि त्याच भांडवलावर ती १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांसमोर उभी राहून ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ झाली. फळ मोजून दिलेले बुडाले आणि न मोजता दिलेले तरले, हे रमाबाईंच्या आयुष्यातले पहिले उदाहरण. ते ख्रिस्ती होण्याच्या कितीतरी आधीचे आहे, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी जागा घेणाऱ्याची. १८८० साली भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला आणि १८८२च्या आरंभी त्या विधवा झाल्या. कडेवर मनोरमा नावाची तान्ही मुलगी होती. त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिली आणि त्या पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्च उभा करून १८८३ साली इंग्लंडला गेल्या. हा तपशील बारीक वाटला तरी मोलाचा आहे. कोणाच्या उपकाराखाली जायचे नाही, हा निश्चय त्यात आहे. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनीमठात त्या राहिल्या, तेव्हाही भारतात कामासाठी येणाऱ्या भगिनींना मराठी शिकवायची आणि त्याबदली आपला व मुलीचा निर्वाह व्हायचा, असा करार होता.

तिथे त्यांनी एक गोष्ट पाहिली. मठाची लंडनमध्ये एक शाखा होती. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी या भगिनींनी तिथे आश्रयगृह चालवले होते. रमाबाईंना हवापालटासाठी तिकडे पाठवले होते. आपल्या देशात अशा स्त्रियांना जवळ करण्याचा विचारही कोणी करीत नाही, मग या बायका असे का करतात, हा प्रश्न त्यांना पडला. १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या म्हणतात की, त्या गृहात एके काळी आश्रयाला आलेल्या काही स्त्रियाच आता आजारी व दुबळ्यांच्या सेवेत आयुष्य घालवताना त्यांना दिसल्या. आम्हांला हे वाक्य त्यांच्या साऱ्या लेखनातले कळीचे वाक्य वाटते. रमाबाई नुसत्या करुणेने हेलावल्या नाहीत. घेणारीच देणारी झाली, हे पाहून त्या हेलावल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

परंतु घेणाऱ्याच्या जागेवरचा दुसरा अनुभवही लगेच आला. ज्यांनी आश्रय दिला त्यांनी हळूहळू आज्ञापालनाची अपेक्षा धरली. रमाबाईंनी कोणाला शिकवावे, कोणत्या पंथाच्या कोणत्या सिद्धान्तावर शंका घेऊ नये, मुलीला कसे वाढवावे, हे ठरवणे आपले कर्तव्य आहे असे त्यांच्या मठातील मार्गदर्शक सिस्टर जेराल्डीन यांना प्रामाणिकपणे वाटत होते. या दोघींचा पत्रव्यवहार १९७७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला आहे. तो वाचणाऱ्याला दोन्ही बाजूंचे प्रेम दिसते आणि दोन्ही बाजूंची दुखापतही दिसते. स्वदेशातल्या पुरोहितांचे जोखड प्रयासाने उतरवल्यानंतर आपण दुसरे जोखड मानेवर घेणार नाही, असे रमाबाईंनी निक्षून कळवले. उपकाराविषयी कृतज्ञ राहायचे, पण सदसद्विवेक गहाण ठेवायचा नाही, ही त्यांची भूमिका होती. पंचविशीतली परावलंबी विधवा हे आपल्या आश्रयदात्यांना लिहिते आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्यातले धैर्य कळते.

इथे दानाविषयीची एक अवघड गोष्ट उघड होते. पैसा सोडणे कठीण आहे, पण त्याहून कठीण आहे तो घेणाऱ्यावरचा हक्क सोडणे. अन्न दिले, छप्पर दिले, विद्या दिली, तर देणाऱ्याला निदान एवढे तरी वाटतेच की, या माणसाने आपल्यासारखे व्हावे. ही अपेक्षा पैशांत मोजता येत नाही, म्हणून देणारा तिला स्वार्थ म्हणत नाही. पण ती परतफेडच असते. वाँटेजच्या भगिनींनी पुष्कळ सोडले होते. नाव, घर, संसार, सुख सारे त्यांनी टाकले होते, पण हा एक हक्क सोडणे त्यांना साधले नाही. त्यांना दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. थोड्याच वर्षांत नेमक्या याच परीक्षेला रमाबाईंनाही बसावे लागले, म्हणून लिहितो.

आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई १८८६ साली अमेरिकेस गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे तिथे राहिल्या. १८८७ साली त्यांचे ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक निघाले. त्याच वर्षाच्या अखेरीस बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि त्यांच्या नियोजित विधवागृहाला दहा वर्षे मदत देण्याचे वचन मिळाले. ही मदत कोणा एका धनिकाची नव्हती. गावोगावच्या मंडळांतून सामान्य स्त्रीपुरुषांनी दरसाल थोडेथोडे द्यायचे, अशी ती योजना होती. असोसिएशनमध्ये निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांचे लोक होते आणि त्यांनी एक विलक्षण अट मान्य केली होती. या गृहात धर्मशिक्षण दिले जाणार नाही, मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक राहील. ख्रिस्ती दात्यांनी ख्रिस्ती स्त्रीच्या हाती पैसा द्यायचा आणि त्यातून एकही ख्रिस्ती होणार नाही हे गृहीत धरायचे, यापेक्षा हक्क सोडून दिलेले देणे त्या काळी क्वचितच सापडेल.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर शारदा सदन सुरू झाले. पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई. तिच्याकडे आपण पुढे येऊ. १८९०च्या अखेरीस सदन पुण्यास आले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार होती. सदन नावारूपाला येत होते. आणि तिथेच पेच पडला. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेसह रोज प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे ठेवीत. काही मुली आत येऊन बसू लागल्या. कोणाला बोलावले नव्हते हे खरे, पण दार उघडे होते हेही खरे. ‘केसरी’ने झोड उठवली. १८९३ साली रानडे-भांडारकरांसह सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादात कोणाची बाजू बरोबर, यावर शंभर वर्षांहून अधिक काळ लिहिले जात आहे. रमाबाईंचे म्हणणे असे की, मी धर्म शिकवण्याचे नाकारले आहे, धर्म जगण्याचे नाकारलेले नाही, आणि स्वतःच्या घरात दार लावून चोरासारखी प्रार्थना मी करणार नाही. आम्हांला हे म्हणणे पटते. परंतु विरोधकांच्या भीतीतला खरा अंशही आम्ही नाकारीत नाही. ज्या पोरीला जगात दुसरे कोणी नाही, तिला मायेने जवळ घेणाऱ्या एकमेव बाईचा देव आपला वाटू लागला, तर तो निर्णय किती तिचा आणि किती मायेचा? वाँटेजला जो प्रश्न रमाबाईंनी सिस्टर जेराल्डीनना विचारला होता, तोच पुण्याने रमाबाईंना विचारला. फरक इतकाच की, पुण्याने तो जिव्हाळ्याने विचारला नाही.

सुधारकांची साथ सुटली तशी समाजातली प्रतिष्ठाही सुटली. अमेरिकन देणगीदारांनी मात्र दहा वर्षांचा शब्द पाळला. या काळात रमाबाईंनी पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव येथे जमीन घेतली होती. फळबाग लावावी, तिच्या उत्पन्नावर सदन चालावे आणि देणग्यांवरचे अवलंबन संपावे, असा त्यांचा हिशेब होता. तो हिशेब शहाणपणाचा होता. १८९६च्या दुष्काळाने तो उधळून लावला.

मध्य प्रांतात माणसे मरत असल्याच्या बातम्या आल्या. रमाबाईंपाशी शिल्लक नव्हती आणि वचन दिलेल्या मदतीची मुदत संपत आली होती. असे असतानाही त्या निघाल्या. आपल्या स्वतःच्या दुष्काळाची आठवण त्यांना स्वस्थ बसू देईना, असे त्यांनीच लिहिले आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी रानात पाला खाऊन दिवस काढणारी पोर त्यांना त्या सांगाड्यांमध्ये दिसत होती. तीनशे मुली आणायच्या, असा त्यांनी संकल्प केला. त्या तांड्यातांड्यांनी पुण्यास येऊ लागल्या. तेवढ्यात १८९७ साली पुण्यात प्लेगचे निर्बंध आले, शहरात नवी माणसे ठेवता येईनात, आणि मुलींना केडगावच्या माळावर हलवावे लागले. ज्या जमिनीने सदनाला पोसायचे होते, त्या जमिनीवरच ‘मुक्ती’ उभी राहिली. १८९९-१९००च्या, गुजरातेत ‘छप्पनियो’ म्हणून ओळखल्या गेलेल्या दुष्काळात आणखी शेकडो आल्या. १९००च्या सुमारास तिथे दीड हजारांहून अधिक मुली व स्त्रिया राहत होत्या.

मुक्ती ही शारदा सदनासारखी धर्मनिरपेक्ष संस्था नव्हती. ती उघडपणे ख्रिस्ती होती आणि तिच्यामागे कोणाचे बांधील वचन नव्हते. इंग्लंडात ब्रिस्टल येथे जॉर्ज म्युलर यांनी ठरावीक उत्पन्नाशिवाय, केवळ प्रार्थनेच्या भरवशावर हजारो अनाथ मुले वाढवली होती. त्यांचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते, आणि आपल्या देशात असे जमेल काय, असा विचार त्यांच्या मनात घोळत होता. आता तो अंगावरच आला. त्यांच्या १९०७च्या आत्मनिवेदनाच्या शीर्षकात कधीही न सरणाऱ्या ठेव्याचा उल्लेख आहे. हा ठेवा म्हणजे मुक्तीची शिल्लक नव्हे. ती शिल्लक अनेकदा शून्यावर येई. पुढचा माणूस दारात उभा असताना शिल्लक न मोजण्याचे बळ, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो.

इथे वाचक विचारील, आणि त्याने विचारावेच, की केडगावात हक्क सोडलेला होता काय? आमचे उत्तर सरळ आहे : पुरता नव्हता. भुकेल्या मुलाला अन्न आणि श्रद्धा एकाच हातातून मिळते, तेव्हा निवडीचे स्वातंत्र्य कागदावर कितीही असले तरी व्यवहारात अरुंदच असते. रमाबाईंविषयी आदर बाळगूनही हे म्हटले पाहिजे. पण त्याचबरोबर दुसरीही एक गोष्ट म्हटली पाहिजे. त्यांनी त्या मुलींना कायमच्या घेणाऱ्या म्हणून ठेवले नाही. शेती, गोठा, विणकाम, तेलघाणा, छापखाना ही सारी कामे स्त्रियांनीच चालवली. अंध स्त्रियांसाठी वेगळा विभाग होता आणि त्यांच्याही हातांना काम होते. दुष्काळातून सांगाडा होऊन आलेली मुलगी काही वर्षांत शिक्षिका होई, परिचारिका होई, नव्याने आलेल्या सांगाड्याला न्हाऊ-खाऊ घाली. लंडनच्या आश्रयगृहात रमाबाईंनी जे पाहिले होते, ते केडगावच्या माळावर पुन्हा घडत होते.

आता फळाकडे वळू. मार्काच्या शुभवर्तमानातले ते आश्वासन रमाबाईंच्या बाबतीत जवळजवळ अक्षरशः उतरले आहे. घर सोडणारीला शंभर एकर रान मिळाले, सगळे गोत दुष्काळात गमावलेल्या मुलीला हजारोंचे गोत मिळाले, आणि आश्वासनातला तिसरा भाग, छळ, तोही पुरेपूर मिळाला. महाराष्ट्राने त्यांना आपल्या सुधारकांच्या मालिकेतून जवळजवळ वगळले. १९१९ साली सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले, पण ज्या पुण्याने एके काळी त्यांची व्याख्याने डोक्यावर घेतली होती, त्या पुण्याच्या लेखी त्या बहुधा बाटलेल्या पंडिताच राहिल्या. आणि २४ जुलै १९२१ रोजी, आईचे काम पुढे नेण्यासाठीच जिला घडवले होते ती मनोरमा गेली. हे फळ म्हणायचे काय? जो दानाला गुंतवणूक समजतो, त्याने या पानावर हिशेबाची वही मिटून ठेवलेली बरी.

शेवटची अनेक वर्षे रमाबाई एका कामात गढल्या होत्या. बायबलचे उपलब्ध मराठी भाषांतर त्यांना साध्या बाईच्या कानाला जड वाटे. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळे बायबल सोप्या मराठीत आणण्यास बसल्या. जुळारी स्त्रिया, मुद्रक स्त्रिया, सारे मुक्तीतलेच हात. मुलीच्या मृत्यूनंतरही ते काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या आणि १९२४ साली ते बायबल प्रसिद्ध झाले. ज्या बाईला कलकत्त्याच्या विद्वत्सभेने संस्कृतसाठी गौरवले, तिने आपली सारी विद्वत्ता अखेरीस अशा भाषेसाठी खर्चली की, जिच्यात विद्वत्ता दिसू नये. एका पंडितेने याहून मोठे काय द्यायचे असते, हे आम्हांला सुचत नाही.

आणि आता गोदूबाई. शारदा सदनाची ही पहिली विधवा विद्यार्थिनी ख्रिस्ती झाली नाही. मार्च १८९३मध्ये, म्हणजे सदनावर वादळ घोंघावत असताना, तिचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. कर्वे आणि रमाबाई हे एकाच वर्षाचे, १८५८च्या एप्रिलचे. काही दिवसांचेच अंतर. कर्व्यांना सदनाचे काम जवळून ठाऊक होते. ते का अडखळले, हेही त्यांनी पाहिले होते. धर्माची शंका घेण्यास जागा राहू नये अशा रीतीने विधवांसाठी काम उभे केले पाहिजे, हे त्यांनी ओळखले आणि १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. तो पुढे हिंगण्याच्या माळावर गेला, आणि त्याच कामातून १९१६ साली महिला विद्यापीठ जन्मले. गोदूबाई, म्हणजे आनंदीबाई उर्फ बाया कर्वे, यांनी या कामासाठी निधी गोळा करण्यास वणवण केली. पुढे त्यांनी ‘माझे पुराण’ लिहिले. त्यांची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले हिंगण्यात आली, शिकली, आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत हिंडली आणि १९१८ साली अमेरिकेपर्यंत गेली, तिथे लोकांच्या घरी मोलकरणीचे काम करीत इंग्रजी शिकली.

ही साखळी जरा मागे नेऊन पाहावी. बॉस्टनच्या आसपास कोणी एखाद्या शिक्षिकेने, कोणा गृहिणीने मंडळाच्या वर्गणीत काही सेंट टाकले. तिला गोदूबाईचे नावही ठाऊक नव्हते. त्या पैशांत चौपाटीवर एक विधवा पोर अक्षरे गिरवू लागली. तिच्यातून हिंगणे फुलले. मिशनच्या कोणत्याही अहवालात हे फळ म्हणून नोंदवले गेले नसते, कारण त्यात एकही बाप्तिस्मा नाही. तरीही शुभवर्तमानातल्या त्या मेजवानीच्या सल्ल्याशी हेच फळ सर्वांत जवळचे आहे, असे आम्हांला वाटते. परतफेड न करू शकणाऱ्याला बोलावले, आणि त्याने परतफेड केली नाही. त्याने दुसऱ्या कोणाला तरी जेवू घातले.

आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. शंभरपट मिळणार हे ठाऊक असताना दिलेले निःस्वार्थ कसे? रमाबाईंचे आयुष्य पाहून आम्हांला सुचलेले उत्तर असे की, फळाचे आश्वासन खरे आहे, पण ते फळ देणाऱ्याच्या अंगणात पडेलच असे नाही. अनंतशास्त्र्यांच्या विद्यादानाचे फळ त्यांच्या मृत्यूनंतर कलकत्त्यात पडले. वाँटेजच्या भगिनींच्या सेवेचे फळ त्यांना न रुचणाऱ्या रीतीने केडगावला पडले. शारदा सदनाचे फळ हिंगण्याला पडले. देणाऱ्याने फळ आपल्या अंगणातच, आपल्याच नावाने आणि आपल्याच रंगाचे हवे असा आग्रह धरला, तेव्हा तेव्हा तंटा झाला. फळावरची नजर त्याने काढून घेतली, तेव्हा ते कुठेतरी पडले आणि रुजले.

केडगावची संस्था आजही चालू आहे आणि हिंगण्याचीही. पुणे जिल्ह्याच्या नकाशावर या दोन जागांतले अंतर फार नाही. दोघींच्या इतिहासांची पुस्तके मात्र आपल्या कपाटांत वेगवेगळ्या फळ्यांवर असतात : एक ‘ख्रिस्ती धर्म’ म्हणून, दुसरे ‘समाजसुधारणा’ म्हणून. ती एका फळीवर शेजारी ठेवून वाचावीत, अशी आमची वाचकांना विनंती आहे.